न खोडणारी खोडरबरं : जपानी केशी रोबो जमवताना

मे महिन्याच्या सुट्टीत कंपासपेटी कपाटात पडून राहिली आणि आतलं पांढरं खोडरबर प्लॅस्टिकच्या पट्टीला टेकलेलं असलं, की जूनमध्ये काय दिसतं ते बहुतेकांना ठाऊक आहे. रबर पट्टीला घट्ट चिकटलेलं असतं. ओढून काढलं की पट्टीत खड्डा पडतो आणि सेंटिमीटरच्या रेघा रबराच्या अंगावर उलट्या उमटतात. खोडरबराला कागदी वेष्टन असतं ते याचसाठी, शोभेसाठी नाही. जपानी केशी रोबो, म्हणजे मऊ प्लॅस्टिकचे बोटभर खेळण्यातले रोबो, सांभाळण्याचं निम्मं शास्त्र त्या खड्ड्यात आहे.

'केशी' हे 'केशीगोमू'चं लाडाचं रूप. केशीगोमू म्हणजे खोडरबर, आणि त्यातला 'गोमू' हा शब्द जपानीत डच भाषेतून आला. खेळण्याचं नाव खोडरबर असलं तरी त्याने पेन्सिलीची रेघ खोडायला गेलात तर कागद काळा होतो, बाकी काही नाही. खरं म्हणजे त्यात रबरही नाही. ते मऊ पीव्हीसी आहे. पीव्हीसी मुळात कडक असतं, मऊपणा येतो तो त्यात मुरवलेल्या तेलासारख्या द्रवामुळे. त्याला प्लॅस्टिसायझर म्हणतात. हा द्रव पीव्हीसीशी पक्का बांधलेला नसतो, नुसता सामावलेला असतो, त्यामुळे चाळीस वर्षांत तो हळूहळू बाहेर येतो आणि शेजारी जे असेल त्यात शिरतो. चिकटणं, डाग, वाकणं, कडक होणं या सगळ्या तक्रारी तिथूनच निघतात.

थोडा इतिहास लागेल, कारण खरेदीत तो उपयोगी पडतो. नाणं टाकून आत खेळणं असलेली कॅप्सूल काढायची यंत्रं जपानात अमेरिकेतून १९६५ साली आली, तेव्हा दहा येनला एक. १९७७ साली बंदाई कंपनी शंभर येनची यंत्रं घेऊन उतरली. त्याच सुमारास स्पोर्ट्‌स कारच्या आकाराच्या केशींचं वेड पसरलं. मुलं बाकावर गाडी ठेवायची आणि खटक्याच्या बॉलपेनची स्प्रिंग दाबून मागून टिचकी द्यायची. मित्सुबिशी पेन्सिलचं 'बॉक्सी' पेन त्यासाठी ठरलेलं होतं. मग १९८३ पासून 'किन्निकुमान' या जपानी चित्रकथेतले कुस्तीगीर आले. त्यांचे ४१८ प्रकार निघाले आणि सुमारे अठरा कोटी नग खपले. या केशींना 'किनकेशी' म्हणतात. आपला विषय रोबोंचा आहे, पण किनकेशी टाळता येत नाहीत, कारण जपानी लिलावातल्या रोबोंच्या ढिगात निम्मे कुस्तीगीरच निघतात.

रोबोंमध्ये सगळ्यात मोठा साठा गंडाम या जपानी कार्टून मालिकेतल्या रोबोंचा. मूळ मालिका १९७९ साली आली, पण जमवणाऱ्यांचं खरं रान म्हणजे १९८५ पासूनची एसडी गंडामची कॅप्सूलं. एसडी म्हणजे 'सुपर डिफॉर्म्ड' : मोठं डोकं, आखूड पाय, तीन-चार सेंटिमीटर उंची. या ठेंगण्या आकाराला मऊ पीव्हीसी फार मानवतं. उंच, सडपातळ रोबोचे घोटे याच पदार्थात बनवले तर काही वर्षांत तो पुढे झुकतो, एसडी मात्र बुडाशी जड असल्यामुळे उभा राहतो. नव्याने सुरुवात करणाऱ्याने एसडीपासूनच करावी. नग मुबलक आहेत, चुका स्वस्तात होतात आणि हात बसतो.

दुसरं लहान पण मजेदार कुरण म्हणजे ट्रान्सफॉर्मर्सचे 'डिकॉय'. १९८७ साली अमेरिकेत लहान ट्रान्सफॉर्मर खेळण्यांच्या पाकिटात हे रबरी पुतळे जोडून दिले जात. एकूण ५२ आकृती. ऑटोबॉट (नायकांची बाजू) लाल, डिसेप्टिकॉन (खलनायकांची) जांभळे. यात लाल डिसेप्टिकॉन दिसला तर थांबून बघा, कारण जांभळ्यापेक्षा तो कमी सापडतो. 'दुर्मीळ' म्हणजे काय ते इथे नीट कळतं. आकृती तीच, साचाही तोच, फरक फक्त रंगाचा. केशीत एकच साचा अनेक रंगांत ओतलेला असतो, म्हणून 'हा रोबो दुर्मीळ आहे का' या प्रश्नाला अर्थ नाही. 'हा रोबो या रंगात, शिंगं शाबूत, सोबतच्या कागदासह मिळतो का' असं विचारा.

आता एक नग हातात घ्या. एसडी गंडामच समजा. आधी कपाळावरचं व्ही आकाराचं शिंग बघा, कारण नव्वद टक्के निर्णय तिथेच होतो. शिंगाची टोकं ही साच्यातली सर्वांत अरुंद जागा. वितळलेलं पीव्हीसी तिथवर पोचलंच नाही तर टोक आखूड राहतं, पण गोलसर आणि बाकीच्या अंगाइतकंच चकचकीत असतं. हा कारखान्यातला दोष, तो चालतो. पोराने चावलेलं किंवा कात्रीने कापलेलं टोक सपाट आणि निस्तेज असतं, आणि कापाच्या तोंडाशी रंग थोडा ताजा दिसतो, कारण आतल्या पदार्थाला हवा-उजेड लागलेला नसतो. विकणाऱ्याच्या फोटोत हे दिसत नसेल तर समोरून आणि वरून असे आणखी दोन फोटो मागा. देत नसेल तर सोडून द्या.

मग जोडरेघ. साचा दोन भागांचा, त्यामुळे कानाच्या बाजूने, खांद्यावरून, पायाच्या बाहेरच्या कडेने एक बारीक रेघ उतरते. ती असलीच पाहिजे. काही नगांवर त्या रेघेतून पातळ झालर बाहेर आलेली असते, कारखान्यात तिला फ्लॅश म्हणतात. ती ब्लेडने कापून नग 'स्वच्छ' करायचा मोह होतो. करू नका, कापलेली झालर पुढच्या जाणकाराला लगेच कळते. तळपायाशी बहुधा एक लहान खरबरीत ठिपका दिसतो, माल साच्यात शिरला ती जागा. पाठीवर कॉपीराइटची खूण असते, कधी अक्षरं, कधी नुसती आद्याक्षरं. कॅप्सूलमधला कागद सोबत असेल तर तारीख ठरवायला तो जास्त कामाचा. गंडाम बनवणाऱ्या सनराइझ स्टुडिओचं नाव १९८७ पर्यंत 'निप्पॉन सनराइझ' होतं. कागदावर 'निप्पॉन' असेल तर माल बहुतेक त्याआधीचा.

नकला दोन जातींच्या. एक त्याच काळातल्या, दुसऱ्या कंपन्यांनी परवान्याशिवाय काढलेल्या. जपानीत त्यांना 'पाची' म्हणतात, आणि त्यांचे वेगळे शौकीन आहेत. चेहरा किंचित चुकलेला, शिंगाच्या जागी तिसरंच काही. पाची म्हणून विकत असतील तर खुशाल घ्या, जपानी विनोदबुद्धीचा तो एक उत्तम नमुना आहे. दुसरी जात धोक्याची : अस्सल नगावरून सिलिकॉनचा साचा काढून आजकाल ओतलेली प्रत. ओतलेला माल थंड होताना आकसतो, त्यामुळे प्रत मुळापेक्षा थोडी लहान निघते. व्हर्नियर कॅलिपर घ्या आणि खात्रीच्या नगाशी ताडून बघा. ४० मिलिमीटरच्या उंचीत अर्ध्या मिलिमीटरचा फरक आला तर संशय धरावा. रुंदीही मोजा, कारण वाकलेल्या नगाची उंची फसवते. खोलगट जागांच्या कडा बोथट, बगलेत टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे, जोडरेघ नाही किंवा दोन आहेत, असं दिसलं की उत्तर मिळालं. पाण्याचीही एक सोपी चाचणी आहे. पीव्हीसी पाण्याहून जड, ते बुडतं. आजच्या कित्येक स्वस्त मऊ प्लॅस्टिकच्या प्रती तरंगतात. बुडाला म्हणजे अस्सल असं मात्र धरू नका. तरंगला तर नापास, एवढंच.

तिसरा प्रकार नकलेचा नाही, पण गोंधळ तिथेच होतो : अधिकृत पुनर्मुद्रण, जपानीत 'फुक्कोकु'. किनकेशींचा एक संच २००८ साली चित्रकथेच्या २९ व्या वर्धापनदिनाचं निमित्त करून पुन्हा आला. पंचवीस नाही, तीस नाही, एकोणतीस. कारण जपानीत दोन-नऊ हे आकडे 'नि-कु' असे वाचता येतात आणि 'निकु' म्हणजे मांस, किन्निकुमानच्या नावातलंच. फुक्कोकु घेण्यात कमीपणा नाही, फक्त जुन्याच्या भावात घेऊ नका. जाहिरातीत 'तोजी मोनो' असा शब्द असेल तर माल त्या काळातला आहे असा विकणाऱ्याचा दावा आहे.

शब्दांवर आलोच आहोत तर जपानी लिलावातले आणखी काही शब्द शिकून ठेवा, भाषांतराचं यंत्र यांचा चुराडा करतं. 'मातोमे' म्हणजे ढीग. 'गेन्जोहिन' म्हणजे जसा आहे तसा. 'जंकू' म्हणजे तक्रार चालणार नाही. 'मिकाइफू' म्हणजे न उघडलेलं. 'बेतात्सुकी' म्हणजे चिकटपणा आणि 'इरोउत्सुरी' म्हणजे एकाचा रंग दुसऱ्याला लागलेला. शेवटचे दोन शब्द वर्णनात आले की विकणारा प्रामाणिक आहे असं समजा आणि भाव मात्र पाडून मागा. चिकटपणा धुऊन बराचसा जातो, रंग लागलेला जात नाही.

ढीग कसा निवडायचा? फोटो मोठा करून नग मोजा. वर्णनात वजन दिलं असेल तर एसडी आकाराचा भरीव नग साधारण पाच ते आठ ग्रॅमचा धरा, म्हणजे अर्ध्या किलोत साठ ते शंभर. त्यात कुस्तीगीर किती, रोबो किती, फोटोच्या वरच्या थरात चांगले पसरून खाली भरताड लपवलंय का, हे बघा. एकाच रंगाचे नग एकत्र असलेला ढीग बहुधा एका मुलाच्या डब्यातून थेट आलेला असतो, त्यात छान चिजा निघतात. खूप रंग, पण प्रत्येक आकृती एकेकच असेल तर तो कुणा जमवणाऱ्याने चाळून उरलेला माल. तोक्योत प्रत्यक्ष जाणं झालं तर नाकानो ब्रॉडवे गाठा. मांदाराके हे जुन्या खेळण्या-पुस्तकांचं दुकान १९८० साली तिथेच सुरू झालं आणि आज त्या इमारतीत त्याच्या कितीतरी शाखा आहेत. तिथे काचेच्या कपाटातल्या सुट्या नगांचे भाव बघून घ्या आणि खरेदी काउंटरजवळच्या पिशव्यांतून करा.

भारतात मागवताना जपानी लिलावाची संकेतस्थळं बहुधा थेट पाठवत नाहीत, मध्यस्थ लागतो. तो लिलाव लढवतो, माल गोदामात ठेवतो, चार-पाच खरेद्या एका खोक्यात बांधून देतो. खोकी एकत्र करताना 'सुटं करून दाटीने भरा' हा पर्याय निवडू नका, रंग एकमेकांना लागतात. भेट म्हणून पाठवलं की जकात नाही, ही समजूत जुनी झाली. डिसेंबर २०१९ पासून ती सवलत राखी आणि जीवरक्षक औषधांपुरती उरली आहे. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून भारतात खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचं (बीआयएस) प्रमाणन सक्तीचं आहे. ते १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी असलं तरी खोक्यावर नुसतं 'टॉइज' लिहिलेलं असलं की प्रश्न येऊ शकतो. वर्णन खरं आणि नेमकं लिहायला सांगा : जुन्या पीव्हीसी आकृती, संग्रहासाठी, नग इतके, किंमत इतकी. किंमत कमी दाखवू नका. खोकं हरवलं तर भरपाई त्या कमी आकड्याचीच मिळते. लहान खोकी, थोडे नग. जपानात नोकरीला असलेलं कुणी गणपतीला घरी येणार असेल तर त्याच्या बॅगेतला अर्धा किलो हा सर्वांत सुखाचा मार्ग.

माल आला की धुलाई. एक लिटर कोमट पाणी, हाताला जेमतेम ऊब लागेल इतपत, त्यात भांड्याच्या द्रवसाबणाचे तीन-चार थेंब. दहा मिनिटं भिजवा, जुन्या मऊ टूथब्रशने घासा, खाचांत बांबूची काडी किंवा टूथपिक. सुई नको. एका वेळी एकाच रंगाचे नग पाण्यात टाका. मग साध्या पाण्याने दोनदा खळबळून सुती फडक्यावर सावलीत चोवीस तास. चिकटपणा उरला तर आठवड्याने पुन्हा तेच. स्पिरिट, सॅनिटायझर, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यांतलं काहीही लावू नका. त्याने चिकटपणा क्षणात जातो, कारण वरच्या थरातलं प्लॅस्टिसायझरच निघून जातं. नग कोरडा, पांढरट होतो आणि पुढच्या वर्षी शिंग वाकवताना मोडतं. टाल्कम पावडर लावून विकलेले नगही येतात. ती पावडर चिकटपणा झाकते आणि खाचांत जाऊन बसते.

पांढरी पावडर दिसली म्हणजे बुरशीच, असंही नाही. पीव्हीसीतले मेणासारखे घटक पृष्ठभागावर येऊन पांढरी पूड जमते. ती सपाट, एकसारखी असते, बोटाने पुसली जाते आणि कोमट पाण्यात निघते. बुरशी ठिपक्याठिपक्यांनी येते, तंतू दिसतात, वास कुबट असतो. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात चिकट नगावर ती पटकन धरते, म्हणून जूनच्या आधी एक धुलाई उरकून घ्यावी.

वाकलेला हात किंवा बंदूक सरळ करायची तर पाणी ६० ते ६५ अंशांचं हवं. स्वयंपाकाचा थर्मामीटर वापरा, उकळतं पाणी नको. मिनिटभर बुडवा, बाहेर काढून हवा तसा आकार द्या, आणि धरलेल्या अवस्थेतच बर्फाच्या पाण्यात अर्धा मिनिट. एकदा नाही जमलं तर तीनदा करा, पण एकाच वेळी जोर लावू नका. आधी तळपायाची कड नखाने दाबून बघा. नख रुतून वर आलं तर ठीक, नख न रुतता टकटक वाजलं तर त्या नगातलं प्लॅस्टिसायझर संपलेलं आहे. तो जसा आहे तसाच राहू द्या.

बॉलपेनने लिहिलेली नावं हा कायमचा उपद्रव. पांढऱ्या किंवा त्वचेच्या रंगाच्या नगावर बाहुल्या जमवणारे एक उपाय करतात : मुरुमांवरचं बेन्झॉइल पेरॉक्साइडचं मलम शाईवर लावून काही तास उन्हात ठेवतात. शाई फिकी होते. रंगीत नगावर हे केलं तर शाईबरोबर नगाचा रंगही उडतो आणि तिथे कायमचा पांढरा धब्बा राहतो. त्यापेक्षा कुणा जपानी पोराचं नाव पाठीवर राहिलेलं बरं.

आणि रंगवणं. जुन्या ढिगांत मॉडेलच्या रंगाने रंगवलेले नग हमखास असतात, हात लावला की बोटाला लागतात. चाळीस वर्षांनंतरही तो रंग वाळलेला नसतो, कारण आतून येणारं प्लॅस्टिसायझर त्याला वाळूच देत नाही. असे नग वेगळे ठेवा, नाहीतर शेजारी पाचही खराब करतील.

साठवणीत सर्वांत जास्त नुकसान होतं, आणि ते बहुधा चांगल्या हेतूने. काचेसारखी स्वच्छ दिसणारी स्वस्त कप्प्यांची डबी बघून कुणालाही वाटतं की हेच हवं. ती बहुधा पॉलिस्टायरीनची असते, तळाशी त्रिकोणात ६ चा आकडा. कंपासपेटीतल्या पट्टीचंच भाऊबंद. सहा महिन्यांत रोबोचे तळपाय तिच्यात रुतून बसतात. ३ चा आकडा असलेला पीव्हीसीचा पाऊचही नको. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, १ म्हणजे पेट (पाण्याच्या बाटल्यांचं प्लॅस्टिक); हे चालतात. झिपच्या पॉलिथीन पिशव्या वर्ष-दोन वर्षांपुरत्या ठीक, पण पॉलिथीनही प्लॅस्टिसायझर हळूहळू शोषतं. महागाच्या नगांसाठी झाकणाची काचेची बरणी, आत पेटच्या पातळ फिल्मचे तुकडे, नग एकमेकांना न टेकता. लोणच्याची असली तर आधी उन्हात चार दिवस. लाल आणि पांढरा कधीही एका पिशवीत नको. वर्तमानपत्रात गुंडाळणं, रबरबँड लावणं, नगावर चिकटपट्टीने क्रमांक डकवणं, तिन्ही बंद : शाई उतरते, रबरबँड वितळून बसतो, गोंद लगदा होतो. कपाटातल्या डांबरगोळ्याही दूर. त्यांची वाफ प्लॅस्टिकमध्ये शिरून त्याला मऊ करते.

न उघडलेली कॅप्सूल मिळाली तर उजेडासमोर धरून बघा. आत नग पातळ पिशवीत आहे की उघडा कवचाला टेकलाय? टेकला असेल आणि कवच कडक प्लॅस्टिकचं असेल तर 'मिकाइफू'चा मोह सोडून उघडाच, नाहीतर जपताना नग गमवाल. आतला घडीचा कागद लगेच बाहेर काढून वेगळ्या पेट फोल्डरमध्ये ठेवा. उशीर झालेला असेल तर त्यावर भजीच्या कागदासारखे तेलकट, आरपार दिसणारे डाग पडलेले असतील, आणि ते धुता येत नाहीत.

मांडणी करायची असेल तर भिंतीवर ऊन येत नाही अशी बाजू, बंद काचेचं कपाट, बाहेरून एलईडी. पडणाऱ्या नगाला उभं करायला स्टेशनरीतली निळी चिकट पुटी लावतात, ती तळपायात तेल सोडते. पेटच्या फिल्मची दोन सेंटिमीटरची चौकट कापा, तिला उभी चीर देऊन मागे टेकू उभा करा. शिंगाला धक्का लागू न देता रोबो उभा राहतो, आणि कपाटाच्या फळीचा रंगही वाचतो.